कांगच्या गरम टोकाला ठेवलेला फोन

रुइफनच्या फोनची पाठ उघडली आहे हे मला सकाळी राख काढताना दिसलं. एका बाजूने झाकण नखभर वर आलं होतं. आतली बॅटरी सपाट असते असं मी समजत होतो, ती उशीसारखी फुगली होती. जवळ गेलो तर गोडसर वास आला. स्क्रीन मात्र चालू होती. मी चार्जरची वायर काढली आणि तसाच उभा राहिलो. आता आकडा खाली जायला लागणार होता. शंभर टक्के होते.

रुइफन माझी बायको. सप्टेंबरात गेली. तेव्हापासून मी तिचा फोन एकदाही बंद होऊ दिलेला नाही. बंद झाला तर पुन्हा सुरू करताना तो सहा आकडे मागतो, आणि ते मला ठाऊक नाहीत. फोन आमच्या मुलीने, निंगने, लावून दिला होता. आकडेही तिनेच घातले होते. रुइफन बोट लावून उघडायची. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने बोट लावून फोन माझ्या हातात दिला. गावातल्या कंपाउंडरने तेव्हाच स्क्रीन कधी बंदच होणार नाही अशी सोय करून दिली. बाजूचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मी त्यावर काडेपेटीचा तुकडा ठेवून वरून पट्टी चिकटवली. चार महिने असंच चाललं. चार्जर कायम लावलेला, आणि फोन कांगच्या गरम टोकाला.

कांग म्हणजे आमची झोपायची विटांची बैठक. चुलीचा धूर तिच्या पोटातून जातो. चुलीकडचं टोक सगळ्यात गरम. ते घरातल्या मोठ्या माणसाला देतात, पाहुण्याला देतात. आमच्याकडे ते रुइफनचं होतं, कारण तिचे गुडघे दुखायचे. ती गेल्यावर तिथे मी झोपलो नाही. फोन ठेवला. एवढंच केलं मी. त्यात काही चूक असेल असं मनात आलं नाही.

फोन चालू का ठेवायचा, तेही सांगतो. दफनानंतर निंग दक्षिणेला परत गेली. समुद्राकाठच्या एका शहरात बॅटऱ्यांच्या कारखान्यात ती काम करते. जाताना माझ्याशी बोलली नाही. दारात एवढंच म्हणाली, "तुम्ही तिला तीन महिने थांबवलंत." जूनमध्ये रुइफनचं पोट दुखायला लागलं तेव्हा काळ्या अळंबीची तोडणी चालू होती. तोडणी होईपर्यंत दवाखान्यात नको, थांबू या असं रुइफनच म्हणाली. पण मी 'बरं' म्हणालो. पुढे मी फोन केले, ते निंगने उचलले नाहीत.

मग सातव्या दिवशी रुइफनच्या फोनवर मेसेज वाजला. दाबला तर निंगचा आवाज. "आई, मी पोचले." मला वाटलं चुकून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा आला. "आई, आज भात कच्चा होता." तेव्हा कळलं की चुकून नाही. ती रोज बोलायची. कधी अर्धा मिनिट, कधी दहा. पलीकडे कोणी ऐकतंय हे तिला माहीत नव्हतं. मी कधी उत्तर दिलं नाही. सात वाजता चुलीत लाकडं सारून कांगवर बसायचं आणि ऐकायचं. मुलगी काय जेवली, झोपली की नाही, खोकला गेला की नाही, हे मला तेवढ्यावरूनच कळायचं. काही गोष्टी ती फक्त आईला सांगायची. त्या ऐकायचा मला अधिकार नव्हता, तरी ऐकल्या.

तिचं काम बॅटऱ्या थंड पेटीत आणि गरम पेटीत घालून तपासायचं. एकदा म्हणाली, "आई, आज पेटी उणे तीसवर होती. दार उघडलं आणि घरी आल्यासारखं वाटलं." दुसऱ्या एकदा म्हणाली, "थंडीत बॅटरी मरत नाही गं, गोठून गप्प बसते. ऊब मिळाली की उठते. मरते ती उष्णतेत. रोज थोडी थोडी, बाहेरून काही दिसत नाही." हे मी ऐकलं तेव्हा फोन माझ्या हातात होता. तळहाताला चटका बसत होता इतका तापलेला. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्या सकाळी बाहेर उणे छत्तीस होतं. हिवाळ्याचे नऊ-नऊ दिवसांचे गट मोजतात, त्यातलं तिसरं नऊ चालू होतं. आमच्याकडे याहून वाईट दिवस नसतात. फोन टोपीत गुंडाळून, टोपी कोटात धरून मी शेजारी ताओकडे गेलो. ताओ माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि गावात विजेची गाडी फक्त त्याच्याकडे आहे. मुलाने घेऊन दिली. गाडी अंगणात उभी होती आणि पुढच्या बॉनेटवर लाल फुलांची गोधडी बांधलेली होती.

ताओची बायको गोधडी सोडत होती. मला पाहून म्हणाली, "दादा, तुम्हीच समजावा याला. बॅटरी गाडीच्या पोटाखाली आहे आणि हा पांघरूण घालतोय डोक्यावर."

"तीस वर्षं ट्रकला घालत आलो," ताओ म्हणाला. "हात आपोआप जातो."

"मग एक गोधडी खाली पण अंथर. तिला कूस बदलता येईल."

मी फोन दाखवला. ताओने हातात घेतला नाही. मागे सरकला.

"दादा, हा फुटेल."

"तालुक्याच्या गावी नेतोस का? दुरुस्तीवालीकडे. आत्ता."

"बस जाते की दहाला."

"बस थंड असते. हा थंडीत बंद पडेल. बंद पडला तर संपलं."

ताओची बायको घरात जाऊन ऊब देणाऱ्या चिकटपट्ट्यांची पाकिटं घेऊन आली. थंडीत सगळे त्या फोनच्या पाठीला लावतात. बाहेर फोन काढला की दोन मिनिटांत विझतो, म्हणून. "दोन लावा," ती म्हणाली.

"अगं, फुगलाय तो गरमीनेच," ताओ म्हणाला. "अजून गरम केलास तर दादाच्या पोटावर फुटेल."

"मग थंड ठेवा."

"थंड ठेवला तर बंद पडेल. ते काय सांगतायत मग इतका वेळ?"

ती गप्प झाली. त्या दोघांच्या बोलण्यात सगळं आलं होतं. शेवटी मी स्वेटरच्या आत, बनियनवर, फोन उभा धरला आणि वरून कोटाचा पट्टा बांधला. माणसाच्या अंगाची ऊब. त्याहून गरम नको, त्याहून थंड नको.

ताओच्या गाडीवर एकशे वीस किलोमीटर दिसत होते. तालुक्याचं गाव बासष्ट. ताओ म्हणाला, "दिसतात एकशे वीस. या थंडीत साठ-सत्तर समज. हीटर लावला तर पन्नास."

"नको लावू."

"तेच म्हणणार होतो. पाय हलवत रहा."

निघालो तेव्हा पावणेनऊ झाले होते. हीटर नाही म्हणून आमच्या श्वासाने काचा आतून गोठायला लागल्या. ताओ एका हाताने चालवायचा आणि दुसऱ्या हाताने जुन्या कार्डाने काच खरवडायचा. मी दर दहा मिनिटांनी कोटाचा गळा ओढून आत बघत होतो. नव्वद. ब्याऐंशी. एकाहत्तर. आकडा एकेकाने उतरत नव्हता. मध्येच सहा-सात एकदम पडायचे.

"सारखं उघडून बघू नकोस," ताओ म्हणाला. "ऊब जाते. भाकरी फुगली का बघायला झाकण काढतात तसं चाललंय तुझं."

"बघितलं नाही तर जीव जातो."

"काय आहे एवढं त्यात? वहिनीचे फोटो?"

"आहेत फोटो."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. मी निंगचं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि गावातून दक्षिणेला पोचायला एक दिवस पुरतो.

माझ्या पोटाला फोन गरम वाटत होता. तो गरम होता की माझंच पोट, हे कळेना. बोटाने चाचपलं तर झाकण सकाळपेक्षा जास्त उघडल्यासारखं वाटलं. वास यायचा, मग यायचा नाही. मी काच बोटभर खाली केली. ताओ ओरडला, "गोठून मरू." वर केली. मग पुन्हा वास आल्यासारखं वाटलं.

चाळिसाव्या किलोमीटरला गाड्या थांबल्या होत्या. लाकडाचा ट्रक वळणावर घसरून आडवा झाला होता. पुढे सात-आठ गाड्या, मागे आणखी येत होत्या. डिझेलवाले इंजिन चालू ठेवून उबेत बसले. आम्ही बसलो तशा थंडीत. ताओने गाडीचा आकडा पाहिला. तीस किलोमीटर दिसत होते आणि बावीस जायचे होते.

"दिसतात तीस," तो म्हणाला.

"कळलं."

"अर्धा तास इथे गेला तर गाडीची बॅटरी आणखी गार पडेल. मग तीसचे वीस होतील, न चालताच."

पायाची बोटं जाणवत नव्हती. फोनवर चौपन्न, मग अठ्ठेचाळीस. मी कमरेत वाकून पोटावर दुमडून बसलो, बाईने तान्हं मूल धरावं तसा. मागच्या गाडीचा ड्रायव्हर काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, बरं नाही का? इकडे येऊन बसा, हीटर आहे." माझ्या मनात आलं की जावं. मग वाटलं, त्याचा हीटर किती गरम असेल कोण जाणे. हात हलवून नाही म्हटलं.

पस्तीस मिनिटांनी ट्रॅक्टरने ट्रक ओढला. शेवटचे चार किलोमीटर गाडीने वेग धरायला नकार दिला. लाल खूण पेटली. सायकलच्या वेगाने आम्ही गावात शिरलो. ताओ पूर्ण वेळ शिव्या पुटपुटत होता. शिव्या गाडीला, मुलाला, आणि मुलाला कल्पना देणाऱ्या सुनेला. चार्जिंगच्या जागेवर पाच गाड्या आधीच होत्या.

"तू जा," तो म्हणाला. "मी रांगेत. आल्याआल्या लावलेली बरी, बॅटरी चालून थोडी ऊब धरून असते. गार झाली की चार्जच घेत नाही ही बया."

दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या तळघरात आहे. तीनशे पावलं चालायची. मी पळत गेलो नाही. पळालो तर फोन हलला असता.

दुकान चालवते ती जिया नावाची तिशीतली बाई. खाकी ॲप्रन, डोक्यावर दिवा. मी फोन काढून काउंटरवर ठेवला. एकोणीस टक्के. तिने एकदा पाहिलं आणि आधी काउंटरवरचे बाकीचे फोन बाजूला सरकवले. मग खालून वाळूचा पत्र्याचा डबा काढून जवळ ठेवला.

"कुठे ठेवला होता काका?"

"कांगवर."

"चार्जरला लावून?"

"हो."

"किती दिवस?"

"सप्टेंबरपासून."

तिने डबा आणखी जवळ ओढला. "चुलीतच घालायचा होता. कामच लवकर झालं असतं." मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "बॅटरी बदलून देते. अर्धा तास. बंद करा."

"बंद करता येणार नाही."

मी सांगितलं. सहा आकडे. बायकोचा फोन. बायको नाही. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"चालू ठेवून उघडत नाही मी. कोणीच उघडणार नाही. सुरी थोडी लागली तर इथे आग."

"मग आतलं कॉम्प्युटरवर घ्या."

"त्याला दोन तास लागतील आणि तेवढा वेळ हा चार्जवर ठेवावा लागेल. हा मी माझ्या दुकानात चार्जवर लावणार नाही." ती फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "आकडे कोणी घातले होते?"

"मुलीने."

"मग प्रश्नच मिटला. तिला विचारा. आकडे मिळाले की बंद करू, बॅटरी बदलू, उघडू. आतलं काही जात नाही."

"ती कामावर आहे."

"जेवायला सोडतात की. बारा वाजत आले." मी हात खिशाकडे नेला नाही. ती म्हणाली, "काका, सोळा टक्के."

मी कोटाच्या बाहेरच्या खिशातून माझा फोन काढला. तो काळा पडला होता. घरून निघताना अर्ध्याहून जास्त भरलेला होता. त्याची काळजी घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. मी जियाचा चार्जर उचलला, तर तिने हात धरला.

"गोठलेल्याला चार्ज लावू नका. आतून खराब होतो. इकडे द्या." तिने तो ॲप्रनच्या आत काखेत धरला आणि तशीच एका हाताने कामाला लागली. "पाच मिनिटं. मेला नाहीये, झोपलाय."

ही पाच मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. रुइफनच्या फोनवर चौदा झाले. तेरा झाले.

"ह्याच फोनवरून मेसेज टाका ना तिला," जिया म्हणाली. "लगेच उचलेल."

"आईच्या नावाने तिच्या हातात मेसेज जाईल."

"मग?"

"चार महिन्यांनी मेलेल्या आईचा."

जियाने दिवा कपाळावर सरकवला. "नको," ती म्हणाली. "चुकले मी."

माझा फोन सुरू झाला. त्यात एक्केचाळीस टक्के होते, कुठे गेलेच नव्हते. मी निंगला लावला. चार वेळा वाजला आणि तिने कापला. पुन्हा लावला. दोनदा वाजून कापला. जियाने तोंड दुसरीकडे केलं.

तेवढ्यात काउंटरवरचा रुइफनचा फोन वाजला. मेसेज. दिवसा कधीच आला नव्हता. मी हात पुसून हलकेच दाबला. मागे जेवणाच्या हॉलचा गोंगाट होता. निंग हळू बोलत होती.

"आई, बाबांचा फोन येतोय. दोनदा आला. ते दुपारी कधी करत नाहीत. मला भीती वाटतेय गं. उचलू का?"

जियाने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डब्यातली वाळू हाताने सारखी करत राहिली. फोनवर अकरा टक्के. मी माझा फोन उचलला. आणि तिसऱ्यांदा लावला.

"काय आहे?" निंग म्हणाली. 'बाबा' म्हणाली नाही.

"मी बरा आहे," मी म्हणालो. "घाबरू नकोस. आईचा फोन फुगलाय."

"कुठला फोन?"

"आईचा."

"तो चालू आहे?"

"चालू ठेवलाय मी."

पलीकडे भांडी वाजत होती. मग दाराचा आवाज आला आणि भांडी थांबली. ती बाहेर आली असावी.

"चार्जवर?" तिने विचारलं.

"हो. कायम."

"कुठे ठेवला होता?"

"कांगवर."

"कांगच्या कुठल्या टोकाला?"

"आईच्या."

तिने श्वास सोडला. मग एकदम वेगळ्या आवाजात, कामावरच्या आवाजात बोलायला लागली. चार्जर काढला का. किती फुगलाय, किती बोटं. वास येतोय का. दाबू नका. टोचू नका. आसपास कागद आहे का. कोण आहे तिथे. वाळू आहे का. मी एकेक सांगत गेलो आणि जिया मान हलवत गेली. शेवटी निंग म्हणाली, "आत्ता तो थंड आहे की गरम?"

"अंगाएवढा. पोटाशी धरून आणलाय."

"एवढ्या थंडीत? पोटाशी?"

"दुसरं काय करणार."

जियाने आकड्याकडे बोट दाखवलं. आठ.

"तुम्हाला आकडे हवेत," निंग म्हणाली.

"त्यासाठीच केला होता फोन."

"मग बोलत का नाही?"

जियाने माझ्यापुढे कागद आणि पेन्सिल सरकवली होती. मी पेन्सिल धरली. न सांगताही चाललं असतं. आकडे लिहून घेतले असते आणि संध्याकाळी सातला पुन्हा ऐकत बसलो असतो. तिला कळलं नसतं. पण आत्ताच तिने आईला विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा फोन लावून उत्तर मी दिलं होतं.

"निंग, तू आईला विचारलंस, उचलू का. ते मी ऐकलं."

काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन पुन्हा विझला.

"किती ऐकलंत?" तिने विचारलं.

"सगळं. सातव्या दिवसापासून."

"रोज?"

"रोज."

"गरम पाण्याचंही?"

गरम पाण्याचं मला माहीत होतं. जूनमध्ये रुइफनने तिला फोनवर पोट दुखतं म्हणून सांगितलं होतं आणि निंग घाईत म्हणाली होती, गरम पाणी पी, बरं वाटेल. आमच्याकडे सगळ्यांनाच सगळ्यावर तेच सांगतात. एका रात्री ती अकरा मिनिटं आईला फक्त त्याबद्दल बोलली होती. ते ऐकल्यावर मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

"ऐकलं," मी म्हणालो. "मीही तिला तेच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. स्वतः उकळून दिलं."

ती रडत होती की वारा होता, सांगता येत नाही. त्यांच्याकडे समुद्राचा वारा असतो.

"देते आकडे," ती म्हणाली. "लिहून घ्या. पण बाबा, मग मला तिथे बोलता येणार नाही. तुम्ही ऐकताय हे माहीत असताना नाही येणार."

जियाने पाच बोटं दाखवली. मी पेन्सिल खाली ठेवली.

"मग नको देऊस."

"काय?"

"नको देऊस. बंद होऊ दे. तू बोलत राहा तिच्याशी. मी नाही ऐकणार. ऐकताच येणार नाही मला."

"मग तुमच्याकडे काय राहणार?"

"मी तुला या फोनवरून करीन. उचललास तर उचललास."

"आणि नाही उचलला तर?"

"तर का नाही उचलला ते आईला सांग."

मागे कारखान्याची घंटा झाली. कोणीतरी तिला हाक मारली.

"मला जावं लागेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रुइफनच्या फोनवर तीन टक्के होते. दोन झाल्याचं दिसलं नाही. स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात छताचा दिवा दिसायला लागला. मी जियाला म्हटलं, "बदला आता बॅटरी."

"आकडे नाहीत तर बदलून काय करणार?"

"फुटायला नको."

तिने आणखी विचारलं नाही. चेहऱ्यासमोर काच धरून, पातळ पट्टी घालून, मिनिटाला केसभर अशी तिने बॅटरी सोडवली. चिमट्याने उचलून वाळूत ठेवली आणि वर वाळू ओतली. नवीन बसवून तिने बटण दाबलं. काडेपेटीचा तुकडा अजून पट्टीला चिकटलेला होता. फोन उजळला. खाली सहा रिकामे चौकोन आले.

"मागतोय," जिया म्हणाली.

"मागू दे."

ताओला बाकीचं काही सांगितलं नाही. फोटो मिळाले का विचारलं, तर नाही म्हणालो. तो म्हणाला, "वाईट झालं," आणि परत येताना वीस किलोमीटर हीटर लावला. त्याची बायको नंतर त्याला त्यावरून बोलली.

त्या संध्याकाळी सातला मी चुलीत लाकडं सारली आणि बसलो. फोन बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवला होता. ती बोलत असेल असं वाटलं, किंवा नसेल. कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. वाजत राहिला. कापला नाही, पण उचललाही नाही. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी मी केला नाही, अळंबीच्या पिशव्या आत घ्यायच्या होत्या.

पाचव्या दिवशी साडेसातला तिचाच आला.

"आईचा फोन कुठे ठेवलाय?" तिने विचारलं.

"बाहेरच्या खोलीत. थंडीत."

"किती थंडीत?"

"पाणी गोठतं तिथे."

"तिथे नको. कपडे ठेवता त्या कपाटात ठेवा, कांगपासून लांब. आणि पूर्ण भरून ठेवू नका. निम्मा भरा आणि बंद करा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा."

"निम्मा कशाला?"

"पूर्ण भरला तरी खराब होतो, पूर्ण उतरला तरी खराब होतो."

"बरं," मी म्हणालो. आणि मग, तिने फोन ठेवू नये म्हणून, विचारलं, "असा ठेवला तर किती टिकेल?"

"काही वर्षं टिकेल." थोडं थांबून ती म्हणाली, "आज जेवलात का काही, की परत नुसतं आंबवलेल्या कोबीवर?"